पाचावरचा उंचवटा
दृष्टिहीन बांधवांचा फोन त्यांच्याच हाती राहावा म्हणून

घरात एखादा जुना बटनांचा मोबाईल पडला असेल तर तो हातात घ्या. डोळे मिटा आणि आकड्यांवरून हळूच अंगठा फिरवा. मधल्या पाचाच्या बटनावर बारीकसा उंचवटा लागेल. डोळस माणसाच्या तो वर्षानुवर्षे ध्यानातही येत नाही. दृष्टिहीन माणसाला मात्र तेवढा उंचवटा पुरतो. पाच सापडला की त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. सगळे आकडे जागच्या जागी. या एका उंचवट्याच्या आधाराने कितीतरी अंध बांधव कुणाचीही मदत न घेता फोन लावीत होते.

पुढे काचेचे फोन आले. बटने गेली, बटनांबरोबर उंचवटाही गेला. काचेवरून बोट फिरवा, सगळीकडे सारखेच गार आणि गुळगुळीत. डोळसांसाठी ती प्रगती होती. ज्यांची बोटेच त्यांचे डोळे होती त्यांच्यासमोर मात्र दार बंद झाले. हे दार पुन्हा कसे उघडले, आणि आपल्या घरात ते उघडायला काय लागते, हे आज सांगायचे आहे. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे.

बाबांचा फोन

आमच्या वस्तीत एक बाबा आहेत. उमेदीची वर्षे गिरणीत गेली, १९८२ च्या संपानंतर मिळेल ती हमाली केली. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. निराधार योजनेचे पैसे बँकेत जमा होतात. मुलाने काचेचा फोन घेऊन दिला. तो फोन बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, पण चालवतात दुसरेच. फोन वाजला की बाबा जो कोणी जवळ असेल त्याच्यापुढे धरणार. पैसे आले का, हे शेजारचा मुलगा पाहणार. दुकानात पैसे द्यायचे तर दुकानदाराच्या हाती फोन देऊन गुप्त आकडा मोठ्याने सांगणार. म्हणजे पिन. ज्या आकड्याला बँक गुप्त म्हणते, तो निम्म्या गल्लीला पाठ!

व्हायचे तेच झाले. एके दिवशी बँकेत गेल्यावर कळले की दोन महिन्यांचे पैसे खात्यात नाहीत. ज्यांच्या ज्यांच्या हाती फोन दिला त्यांपैकी कुणी काढले, ते आजवर कळलेले नाही. घरात मात्र सगळा राग बाबांवर निघाला. "तुम्हाला दिसत नाही तर फोन पाहिजेच कशाला?" असे सूनबाई म्हणाल्या. त्यांचेही चूक नव्हते. घर चालवणारी बाई, पैसा गेल्यावर बोलणारच. पण त्या दिवसापासून बाबांनी फोन खिशात ठेवायचे सोडले. तो कपाटात गेला.

आमची चूक ती हीच की त्या गल्लीत आम्हीही होतो. विहारात वंदनेला आले की बाबा आमच्यापुढे फोन धरीत आणि आम्ही भराभर त्यांचे काम करून देत असू. आकडा ते सांगत, दाबत आम्ही. हातून सेवा घडते आहे, असे वाटायचे. त्यांना शिकवावे, असे एकदाही मनात आले नाही.

अंगठा आणि आकडा

आमच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करणारे एक बंधू जन्मापासून दृष्टिहीन आहेत. १९९५ च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकरीत ३ टक्के राखीव जागा दिल्या, त्यात १ टक्का दृष्टिदोष असलेल्यांसाठी होता. अशाच एका जागेवर ते आले. कचेरीतील सगळे नंबर त्यांना तोंडपाठ. बाबांची हकीकत आम्ही त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगितली. ऐकून ते म्हणाले, "भाऊसाहेब, आकडा म्हणजे आजची सही. तुम्ही त्यांचा आकडा दाबून दिलात म्हणजे त्यांच्या नावाने सहीच केलीत."

हे वाक्य आमच्या मनात रुतले. आपले आजे-पणजे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत होते. कागदात काय लिहिले आहे ते वाचणारा दुसराच, आणि त्या वाचण्यावर जमीन जायची. त्या अंगठ्यापासून सुटावे म्हणून आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला शाळेत घातले. आज बाबा दुसऱ्याच्या हाती आकडा देतात, तेव्हा तो कोऱ्या कागदावरचा अंगठाच नव्हे काय? आणि तो उठवून घेणारे आपणच.

ऑपरेटर बंधूंनी स्वतःचा फोन आमच्या हाती दिला. आमच्या फोनसारखाच काचेचा फोन. पण काचेवरच्या पारदर्शक स्क्रीनगार्डवर तीन ठिकाणी ज्वारीच्या दाण्याहूनही लहान उंचवटे होते. पाचावरचा उंचवटा परत आला होता.

चामड्याच्या दुकानातील पोर

बोटांनी वाचण्याची विद्या आली कुठून? फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात १८०९ साली लुई ब्रेल जन्मला. बाप घोड्यांचे खोगीर आणि चामडी साज शिवणारा कारागीर. तीन वर्षांचे पोर बापाच्या दुकानात खेळताना चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात गेली. जखम चिघळून दुसराही डोळा गेला. पुढे तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. शार्ल बार्बिए नावाच्या माणसाने बारा टिंबांची एक लिपी काढली होती, ती लुईच्या हाती पडली. बारा टिंबे एका बोटाखाली मावत नाहीत, हे डोळसाला सुचले नव्हते. ते या मुलाच्या बोटाला कळले. त्याने टिंबे सहावर आणली. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिपी तयार झाली. १८५२ मध्ये तो वारला आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्याच शाळेने ती लिपी रीतसर स्वीकारली. भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठीही त्याच सहा टिंबांत लिहिली जाते.

एका चामडे कारागिराच्या मुलाने जगभरच्या अंधांच्या हाती विद्या दिली, ही गोष्ट आपल्या मुलाबाळांना जरूर सांगावी.

काचेच्या फोनचे कोडे सोडवणाऱ्यांतही असाच एक माणूस आहे, आणि तो आपल्या पुण्यात वाढलेला. डॉ. टी. व्ही. रमण यांची दृष्टी काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी गेली. आमच्या बाबांचाच आजार! त्यांनी पुणे विद्यापीठातून गणित घेऊन पदवी मिळवली, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकले, अमेरिकेत डॉक्टरेट केली आणि २००५ मध्ये ते गूगल कंपनीत गेले. काचेवर पाचाचे बटन सापडत नाही, ही अडचण त्यांची स्वतःची होती. त्यांनी उलटा विचार केला. बोटाने पाच शोधायचा कशाला? बोट काचेवर जिथे पहिल्यांदा टेकेल तोच पाच समजावा! तेथून बोट वर सरकवले की दोन, खाली आठ. उंचवटा काचेवर नव्हता, तो त्यांनी हिशेबात आणला. रमण आणि त्यांचे सहकारी अँड्रॉइड फोन अंधांना वापरता यावेत म्हणून झटले आणि २००९ पासून त्या फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची बोलणारी सोय मिळू लागली. ॲपल कंपनीचा काचेचा फोन २००७ साली आला होता. त्यातही 'व्हॉइसओव्हर' ही तशीच सोय २००९ साली आली.

म्हणजे बाबांच्या फोनमध्ये बोलणारा सोबती पहिल्या दिवसापासून बसलेला होता. त्याला जागे करायला आमच्यापैकी कुणी बसले नव्हते, इतकेच.

सोबत्याला जागे करणे

हे काम फुकट आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', मराठीत 'सुलभता', असा भाग असतो; त्यात टॉकबॅक मिळते. आवाज मराठी हवा असेल तर अक्षरांचा आवाज करणाऱ्या सोयीत, म्हणजे 'टेक्स्ट टू स्पीच'मध्ये, मराठी निवडावी. पुष्कळ फोनांत आवाज कमीजास्त करायची दोन्ही बटने तीन सेकंद एकत्र दाबून ठेवली की टॉकबॅक सुरू किंवा बंद करता येते. हा उपाय आधी नीट बसवून, शिकून घ्यावा. कारण टॉकबॅक सुरू झाले की फोन चालवायची रीतच बदलते आणि डोळस माणूस गोंधळून जातो.

ही नवी रीत अशी. एकदा बोट टेकवले तर त्या जागी काय आहे ते फोन बोलून सांगतो, पण उघडत नाही. हवी ती वस्तू सापडली की काचेवर कुठेही लागोपाठ दोनदा टिचकी मारावी, मग ती उघडते. एका बोटाने उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू, डावीकडे सरकवले की मागची. पान वरखाली करायचे तर दोन बोटे लावायची. एवढ्या चार गोष्टींवर फोन चालतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आकडा लिहिताना कानात इअरफोन घालावा, म्हणजे फोनचे बोलणे बाजूच्याला ऐकू जाणार नाही. आणि टॉकबॅकमध्ये पडदा झाकण्याची सोय आहे. ती लावली की काच काळी दिसते, पण फोन चालूच राहतो. बसमध्ये शेजारी बसलेल्याला काही दिसत नाही. या बाबतीत दृष्टिहीन माणूस आपल्यापेक्षा सुरक्षित!

उंचवटे कशासाठी?

फोन बोलतो, तर मग उंचवट्यांची गरज काय, असे आम्हीही विचारले. ऑपरेटर बंधू म्हणाले, "अंधारात घरात शिरल्यावर तुम्ही आधी उंबरठा चाचपता की नाही? तसेच आहे." बोट कुठे टेकवावे हे कळले तर निम्मे हुडकणे वाचते. बाजारात गोंगाट असला, आवाज नीट ऐकू आला नाही, तरी हाताला खूण राहते.

असे उंचवटे असलेले तयार स्क्रीनगार्ड परदेशात विकले गेले आहेत. ते विशिष्ट फोनच्या मापाचे असतात, त्यामुळे दुसऱ्या फोनला जुळत नाहीत. पण आपल्याला घरीही काम भागवता येते. काचेचा पडदा बोटातील विजेचा सूक्ष्म परिणाम ओळखतो आणि पातळ प्लास्टिकमधूनही तो त्याला कळतो. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा प्लास्टिकचा स्क्रीनगार्ड चालतो. कापडावर रंगकाम करताना आपल्या भगिनी थ्रीडी आउटलायनरची ट्यूब वापरतात. तिचा बारीक ठिपका त्यावर द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. ठिपका फोनच्या मूळ काचेवर कधीही देऊ नये. तो जाडही नको, नाहीतर बोट काचेपासून दूर राहते आणि फोनला स्पर्श कळत नाही. जमले नाही तर गार्ड काढून टाकता येतो, नुकसान थोड्या पैशांचे.

बाबांच्या फोनवर ऑपरेटर बंधूंनी तीनच ठिपके देवविले. एक, नंबर लावण्याच्या पानावरील पाचावर. दुसरा, खालच्या ओळीत फोनचे चित्र असते तिथे. तिसरा, अगदी तळाशी, जिथे दाबले की फोन पहिल्या पानावर परत येतो. जास्त ठिपके दिले तर बोट पुन्हा गोंधळते. शिवाय पडदा आडवा-उभा फिरणार नाही असे सेटिंग करून घ्यावे, नाहीतर ठिपका एकीकडे आणि आकडा दुसरीकडे.

एक इशारा मात्र जरूर लक्षात ठेवा. पडद्यावरचे पान बदलते, ठिपका बदलत नाही. नंबर लावण्याच्या पानावरचा पाच आणि पैसे पाठवण्याच्या पानावरचा पाच एकाच जागी असतील असे नाही. म्हणून पैशाच्या व्यवहारात ठिपक्यावर भरवसा ठेवू नये. तिथे कानानेच ऐकून आकडा द्यावा.

नोटांसाठीही अशाच खुणा आहेत. शंभराच्या नव्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेघा, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. वापरून नोट झिजली की हा उठाव बोटाला लागत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे ॲप काढले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ती कितीची आहे हे फोन बोलून सांगतो.

पूर्वजन्माचे पाप?

बाबांची दृष्टी गेली तेव्हा वस्तीत कुजबुज झाली होती की मागच्या जन्मी काही केले असेल. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून असे शब्द निघावेत याचे वाईट वाटते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची झडती घेतली आणि तो बुद्धाचा नव्हे, असे ठामपणे मांडले. आपल्याला अस्पृश्य ठेवताना हेच कारण सांगत नव्हते काय? तेच कारण आपण आपल्या आंधळ्या भावाला कसे सांगू शकतो? काचबिंदू हा डोळ्यातील नसेचा आजार आहे. गेलेली नजर त्यात परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा मधुमेह असेल तर तपासणी टाळूच नये.

स्वतः बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९५४ साली आजारपण आणि मंदावलेली नजर यांमुळे ते कित्येक महिने अंथरुणावर होते. त्यानंतरही त्यांनी आपला धम्मग्रंथ पुरा केला. नजर अधू झाली म्हणजे माणूस निकामी झाला, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा कायद्याचा प्रश्न आहे

कुणी म्हणेल, या उपकाराच्या गोष्टी आहेत. तसे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले, सरकारी नोकरीतील राखीव जागा ४ टक्के झाल्या आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी सरकारवर आली.

त्याहून मोठी गोष्ट ३० एप्रिल २०२५ ची. बँकेची ओळख-तपासणी मोबाईलवर करताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ज्यांचे डोळेच ॲसिडने गेले किंवा जे दृष्टिहीन आहेत त्यांनी काय करायचे? असे पीडित सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला की डिजिटल सोयींपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने २० निर्देशही दिले. डोळ्यांच्या उघडझापीला दुसरा पर्याय द्यावा, हे त्यांतलेच. बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेतील एक कलम पंचाहत्तर वर्षांनी एका आंधळ्या माणसाच्या फोनपर्यंत पोचले. कचेरीत कुणी "दिसत नाही तर दुसऱ्याला आणा" असे म्हटले, तर हा निकाल आठवावा आणि लेखी तक्रार द्यावी.

बाबांचे उत्तर

बाबांना शिकवायला पाच रविवार लागले. पहिल्या रविवारी ते घामाघूम झाले आणि म्हणाले, "भाऊ, ह्ये आपलं काम न्हाई." ऑपरेटर बंधूंनी त्यांचा हात सोडला नाही. आमच्या हाताला मात्र सारखी खाज सुटायची. बाबा चुकले की आम्ही पुढे होऊन दाबायला जायचो आणि ते आम्हाला दटावायचे, "भाऊसाहेब, हात मागे!" शिकवणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ते हेच, हात मागे ठेवणे.

तिसऱ्या रविवारी बाबांनी गावी बहिणीला स्वतः फोन लावला. पलीकडून तिने विचारले, "कुणी लावून दिला?" बाबा क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्याच." सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण फोन चार्ज करून तो बाबांच्या उशाशी ठेवण्याचे काम आता त्या न चुकता करतात.

पाचव्या रविवारी जुना पिन बदलला. नवा पिन बाबांनी स्वतः, कानात इअरफोन घालून दिला. आम्ही सवयीने विचारले, "बाबा, आकडा नीट लक्षात राहील ना? आम्हाला सांगून ठेवा हवं तर."

बाबा हसले. "न्हाई भाऊ. आता तुम्हालाबी न्हाई सांगायचा."

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत असे कुणी बाबा, कुणी आजी, कुणी शाळकरी मुलगी असेल. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर बसा. एक साधा स्क्रीनगार्ड आणि एक आउटलायनरची ट्यूब बरोबर न्या. जवळपास नोकरी करणारा एखादा दृष्टिहीन बांधव असेल तर त्याला गुरू म्हणून बोलवा, कारण हे त्याच्याइतके चांगले कुणी शिकवणार नाही. फोन त्यांच्याच हाती राहू द्या आणि आपला हात मागे ठेवा.

जयभीम!